आशीर्वाद मिळाला म्हणजे नेमकं काय झालं?

मंडळीत म्हणजे चर्चच्या सभेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली की बहुतेक त्याच टाइपच्या गोष्टी ऐकू येतात, नोकरी लागली, व्हिसा झाला, रिपोर्ट नॉर्मल आला, लोन पास झालं, आणि शेवटी "प्रभूने मला खूप आशीर्वादित केलंय", मग सगळे हालेलुया म्हणतात. यात खोटं काही नाही, मिळालं तर आभार मानायलाच हवेत. पण त्याच बाकावर कोणीतरी असतं ज्याचा रिपोर्ट नॉर्मल आलेला नाही, आणि ते माणूस हालेलुया म्हणता म्हणता मनातल्या मनात हिशोब मांडत असतं की मग माझं काय, माझी प्रार्थना कमी पडली का विश्वास. हा प्रश्न सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही म्हणून त्यावरच लिहितोय. ख्रिस्ती विश्वासात आशीर्वादित असणं, धन्य असणं म्हणजे काय? आपण नकळत त्याची मार्कशीट करून टाकलीय, ज्याला जास्त मिळालं त्याला देवाकडून जास्त मार्क. आणि गंमत म्हणजे बायबलमध्ये ही मार्कशीट पहिल्या पुस्तकातच फाटते.

याकोबापासून सुरू करू, कारण आशीर्वादाच्या मागे इतका हात धुऊन लागलेला दुसरा माणूस बायबलमध्ये नाही. उत्पत्तीचा २७ वा अध्याय. बाप इसहाक म्हातारा झालाय, डोळ्यांनी दिसत नाही, थोरल्या मुलाला म्हणजे एसावाला आशीर्वाद द्यायचाय. आई रिबका आणि धाकटा याकोब मिळून डाव रचतात. एसाव अंगाने केसाळ, म्हणून याकोबाच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळली, एसावाचे कपडे घातले, हातात बापाच्या आवडीचं मटण. बाप विचारतो तू कोण, हा म्हणतो मी एसाव, तुमचा थोरला. म्हातारा चाचपून बघतो, म्हणतो आवाज तर याकोबाचा वाटतो पण हात एसावाचे आहेत, आणि तरी आशीर्वाद देऊन टाकतो, भरपूर धान्य, नवा द्राक्षारस, आणि तुझे भाऊ तुझ्यापुढे वाकतील. नंतर खरा एसाव येतो आणि कळतं काय झालं ते. "बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का, मलाही द्या ना" म्हणून तो मोठमोठ्याने रडतो. तो भाग वाचताना मला दरवेळी एसावाचीच बाजू घ्यावीशी वाटते.

आता बघा, आशीर्वाद तर मिळाला, मग याकोबाची चांदी व्हायला हवी होती ना? झालं उलटंच. भाऊ जिवावर उठला म्हणून हा हातात फक्त काठी घेऊन पळाला, वाटेत दगड उशाला घेऊन झोपला, मामाकडे २० वर्षं राबला, लग्नात आवडत्या राहेलऐवजी तिची थोरली बहीण लेआ गळ्यात पडली, मामाने दहादा मजुरी बदलली. फसवणाऱ्याला फसवणारा भेटला. हां, जनावरं वाढली, बायकामुलं झाली, पण भावाची भीती तशीच राहिली. आणि परत येताना यब्बोक नदीच्या काठी रात्रभर एक अनोळखी पुरुष त्याच्याशी झोंबी करतो, पहाटे त्याच्या मांडीचा सांधा निखळवतो, आणि हा तरी सोडत नाही, म्हणतो मला आशीर्वाद दिल्याशिवाय मी तुला जाऊ देणार नाही. त्यावर समोरचा काय विचारतो तर "तुझं नाव काय?" बापाने विचारलं तेव्हा हा खोटं बोलला होता. यावेळी म्हणतो, याकोब. मग आशीर्वाद मिळतो. सूर्य उगवतो आणि हा लंगडत चालायला लागतो.

पुढचा अध्याय तर त्याहून भारी आहे. एसाव ४०० माणसं घेऊन येतोय, आणि ज्याला "तुझे भाऊ तुझ्यापुढे वाकतील" असं मिळालं होतं तोच याकोब भावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो, आणि त्याआधी शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवं मिळून साडेपाचशेच्या वर जनावरं भेट म्हणून पाठवून दिलेली असतात. म्हणजे चोरून आणलेला आशीर्वाद त्याला पळायला लावतो आणि झोंबी करून मिळालेला आशीर्वाद त्याला वाकायला शिकवतो, द्यायला शिकवतो. हातात उरला काय तर लंगडा पाय आणि "मी देवाला समोरासमोर पाहिलं आणि तरी वाचलो" एवढं वाक्य.

ते "समोरासमोर" लक्षात ठेवा कारण माझ्या मते सगळ्याचा गाभा तिथेच आहे. उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून जो आशीर्वाद देतात तो बऱ्याच मंडळ्यांमध्ये गणना पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातला असतो, देवाने मोशेमार्फत याजक अहरोनाला शिकवलेला. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो, त्याच्या मुखाचा प्रकाश तुझ्यावर पडो, तो तुझ्यावर कृपा करो, तो आपलं मुख तुझ्याकडे वळवो आणि तुला शांती देवो. नीट वाचलं तर यात गाईगुरं नाहीत, शेतीभाती नाही, मागणी आहे ती देवाच्या मुखाची, त्याने आपल्याकडे बघावं याची. लहान मुलाला आईने रागावून तोंड फिरवलेलं सहन होत नाही ना, खाऊ दिला तरी चालत नाही, तसंच काहीसं. १९७९ मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम नावाच्या ठिकाणी जुन्या कबरींमध्ये चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या, उलगडल्या तर त्यावर याच आशीर्वादाच्या ओळी कोरलेल्या. साधारण अडीच हजार वर्षांहून जुन्या, मृत समुद्राच्या गुंडाळ्यांच्या म्हणजे तिथे सापडलेल्या बायबलच्या जुन्या हस्तलिखितांच्याही कित्येक शतकं आधीच्या. लोक त्या ताईतासारख्या अंगावर घालत असावेत असं अभ्यासक मानतात, आणि कबरीतही त्या सोबत नेल्या.

आणि त्याच अध्यायातली शेवटची ओळ फार कमी वेळा वाचली जाते. देव म्हणतो, याजकांनी लोकांवर माझं नाव ठेवावं आणि मग *मी* त्यांना आशीर्वाद देईन. म्हणजे याजक, पास्टर, फादर, बिशप, कोणीही असो, आशीर्वाद त्यांच्या खिशातला नसतो. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शिमोन नावाचा एक जादूगार पैसे घेऊन येतो की मलाही ही पॉवर द्या, मी हात ठेवीन त्याला पवित्र आत्मा मिळावा, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला सरळ सुनावतो, तुझा पैसा तुझ्यासकट नाश पावो. पैसे भरून स्पेशल आशीर्वाद देणारे दिसले की हा प्रसंग आठवावा, बास.

मग देव देतो ते कशासाठी? इथे याकोबाचा आजोबा अब्राहाम येतो. देव त्याला म्हणतो घरदार सोड, मी तुला आशीर्वाद देईन, आणि लगेच पुढे, तू आशीर्वाद हो, तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. म्हणजे पहिल्याच दमात सांगून टाकलंय की हे तुझ्यापाशी साठवायचं नाहीये, तुझ्यातून पुढे जायचंय. निघाला तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा १००, मधली २५ वर्षं नुसतं वचन. आणि जमिनीचं काय? सगळा देश देईन असं वचन होतं, पण बायको सारा वारली तेव्हा तिला पुरायलाही स्वतःची जागा नव्हती, हेथी लोकांकडून मकपेलाची गुहा आणि शेत ४०० शेकेल चांदी मोजून विकत घ्यावं लागलं, तेही घासाघीस न करता. हा माणूस ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांमध्ये आशीर्वादाचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. गरीब नव्हता बरं का तो, कळप होते, चाकर होते, सोनंचांदी होतं, बायबल ते लपवत नाही. फक्त मुख्य गोष्ट ती नव्हती.

आता कोणी म्हणेल की मग बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायाचं काय, तिथे तर सरळ लिहिलंय, शहरात आशीर्वादित, शेतात आशीर्वादित, टोपली आणि परात आशीर्वादित, परमेश्वर तुला मस्तक करील, पुच्छ करणार नाही. खरंय, लिहिलंय. पण त्या अध्यायाला ६८ वचनं आहेत, आशीर्वादाची पहिली १४, उरलेली ५४ शापाची, आणि हे सगळं एका अख्ख्या राष्ट्राला, करार करून देशात शिरताना, सांगितलेलं आहे, की तुम्ही विधवेला, परक्याला, गरिबाला कसं वागवता, दुसऱ्या देवांमागे जाता का, त्यावर तुमचा समाज टिकेल की कोसळेल. त्यातली सोयीची १४ वचनं कापून फ्रेम करून भिंतीवर लावायची आणि ती माझ्या प्रमोशनला जोडायची हा प्रकार विसाव्या शतकात अमेरिकेत जोरात सुरू झाला, ओरल रॉबर्ट्ससारख्या प्रचारकांनी "बी पेरा" म्हणजे दान द्या आणि पीक घ्या अशी भाषा रूढ केली, टीव्हीने ती जगभर नेली, आणि आज याला प्रॉस्पेरिटी गॉस्पेल म्हणतात. यावर टीका फक्त बाहेरचेच करतात असं नाही. लोझान चळवळ या जगभरच्या इव्हँजेलिकल (सुवार्ता सांगण्यावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) ख्रिस्ती चळवळीच्या धर्मशास्त्र गटाने २००८ आणि २००९ मध्ये घानातल्या आक्रोपाँगला बैठका घेतल्या आणि ही शिकवण बायबलचा गंभीर विपर्यास करते असं स्पष्ट लिहिलं, आणि त्या चर्चेत स्वतः आफ्रिकन इव्हँजेलिकल धर्मशास्त्रज्ञ होते, कुठे लांब बसून केलेली टीका नव्हती ती.

या शिकवणीत मार्कच्या १० व्या अध्यायातलं "शंभरपट" हे वचन फार वापरलं जातं, येशू म्हणतो माझ्यासाठी घर, भाऊबहिणी, शेतं सोडणाऱ्याला आत्ताच या काळात शंभरपट मिळेल. पण त्याच वाक्यात, त्याच यादीत, "छळणुकीसहित" असंही आहे. तेवढंच कसं काय ऐकू येत नाही कुणास ठाऊक.

ईयोबाचं पुस्तक तर पूर्ण याच विषयावर आहे. ७,००० मेंढरं, ३,००० उंट, सात मुलगे, तीन मुली, आणि सैतान देवाला विचारतो, ईयोब काय फुकट तुझं भय धरतो का? या प्रश्नात अख्खी मार्कशीट आली. काढून घे सगळं, मग बघ. काढून घेतलं जातं. मग तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्यासोबत गप्प बसतात, आणि हे त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम. नंतर तोंड उघडतात आणि एकच धोशा लावतात, तुझं काहीतरी चुकलं असणार, उगाच असं होत नाही. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, म्हणतो तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. शेवटी ईयोबाला दुप्पट मिळालं हे सगळ्यांना पाठ असतं, १४,००० मेंढरं, ६,००० उंट. पण मुलं मोजा, परत सातच मुलगे आणि तीनच मुली. मेलेली मुलं परत आली नाहीत. ज्याने कोणी मूल गमावलंय त्याला त्या दुप्पटचा हिशोब सांगू नये, लिहिणाऱ्यालाही तो पूर्ण जमलेला दिसत नाही. येशूनेही हा हिशोब दोनदा मोडलाय, शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले ते काय जास्त पापी होते का, आणि जन्मापासून आंधळ्याच्या बाबतीत, ना याने पाप केलं ना याच्या आईबापांनी.

आता डोंगरावरचं प्रवचन. मत्तयाच्या ४ थ्या अध्यायाच्या शेवटी गर्दी कोणाची आहे बघा, आजारी, वेदनेने तळमळणारे, फेफरं येणारे, पक्षाघात झालेले. या गर्दीकडे बघून येशू डोंगरावर जाऊन बसतो, शिष्य जवळ येतात आणि तो बोलायला लागतो, आत्म्याने दीन ते धन्य, शोक करणारे ते धन्य, सौम्य ते धन्य, नीतिमत्त्वाची भूक आणि तहान असलेले, दयाळू, अंतःकरणाने शुद्ध, शांती करणारे, नीतिमत्त्वासाठी छळ सोसणारे. लूक तर आत्म्याने बित्म्याने काही म्हणतच नाही, अहो दीनांनो तुम्ही धन्य, आणि पुढे श्रीमंतांनो तुमची केवढी दुर्दशा. तेव्हाच्या माणसाला हे ऐकून धक्काच बसला असणार, कारण तेव्हाही श्रीमंत, धडधाकट, मुलाबाळांनी भरलेला माणूस म्हणजे देवाचा लाडका असाच समज होता.

इथे एक मोठं कन्फ्युजन असतं, ही यादी म्हणजे अटी आहेत का? म्हणजे धन्य व्हायचं तर आधी रडा, आधी दीन व्हा, आधी मार खा? चर्चच्या इतिहासात तसं वाचणारे आहेत आणि दयाळू असणं, शांती करणं याला ते लागूही पडतं. पण शोक करणं ही काही कमवायची क्वालिटी नाही. मला तरी ही आधी घोषणा वाटते, ज्यांना जगाने आणि धर्मवाल्यांनीही यादीतून काढलं होतं त्यांना येशू म्हणतोय देव तुमच्या बाजूला आलाय. रडणं चांगलं म्हणून नाही, रडणाऱ्याचं सांत्वन होणार म्हणून धन्य. अजून एक बारीक गोष्ट, पहिल्या आणि आठव्या धन्यवचनात "स्वर्गाचं राज्य त्यांचं *आहे*" असं आहे, मधल्या सहांमध्ये "मिळेल, होईल". ख्रिस्ती धन्यता याच दोघांच्या मध्ये लटकलेली असते, काहीतरी ऑलरेडी हातात आणि बरंचसं अजून यायचंय. जे म्हणतात सगळं आत्ताच मिळालं पाहिजे आणि जे म्हणतात सगळं मेल्यावरच, दोघांनाही ही यादी अडचणीची आहे.

छळाबद्दल एक कानमंत्र पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, दुःख सोसायचं तर खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून सोसू नका. खुनी आणि लुडबुड्या एकाच यादीत! लोकांच्या घरात नाक खुपसून शिव्या खाल्ल्या आणि मग "माझा छळ झाला, मी धन्य" असं करता येत नाही.

येशूच्या आईबद्दल, मरीयेबद्दल बोलायलाच हवं. तिची नातलग अलीशिबा तिला म्हणते स्त्रियांमध्ये तू धन्य, आणि मरीया स्वतः गाते की सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील. आणि प्रत्यक्षात? बाळंतपण परगावी, बाळ गव्हाणीत. मंदिरात शुद्धीकरणाला गेले तेव्हा अर्पण काय, तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं, आणि नियमशास्त्रात हे अर्पण कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी होतं. त्याच मंदिरात शिमोन म्हातारा (वरचा जादूगार नाही, हा वेगळा) बाळाला हातात घेऊन त्या दोघांना आशीर्वाद देतो आणि त्याच दमात तिला म्हणतो तुझ्या जिवातून तलवार जाईल. पुढे एकदा गर्दीतून एक बाई येशूला ओरडून सांगते की ज्या उदराने तुला वाहिलं ते धन्य, तर तो म्हणतो देवाचं वचन ऐकून पाळणारे तेच धन्य. आईला कमी लेखण्यासाठी नाही, कारण ती हेच तर करत आली होती, "तुझ्या म्हणण्याप्रमाणे मला होवो".

कॅथलिक चर्चमध्ये "धन्य" ही एक ऑफिशियल पदवीसुद्धा आहे, संत घोषित होण्याच्या आधीची पायरी, जसं मदर तेरेसांना १९ ऑक्टोबर २००३ ला धन्य आणि ४ सप्टेंबर २०१६ ला संत घोषित केलं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत पाणी, घर, क्रूस, जपमाळ यांवरही आशीर्वाद दिला जातो, बरेच प्रोटेस्टंट वस्तूंच्या बाबतीत हात आखडता घेतात आणि म्हणतात माणसासाठी प्रार्थना करा. या वादात इथे पडत नाही.

पण सगळ्या परंपरा जिथे एक होतात ती जागा क्रूस आहे. जुन्या करारात लिहिलं होतं की झाडावर टांगलेला देवाचा शापित. म्हणजे मार्कशीटप्रमाणे येशू शून्यावर, घर नाही, कपडेसुद्धा चिठ्ठ्या टाकून वाटून घेतलेले, मित्र पळालेले. आणि प्रेषित पौल गलतीच्या मंडळ्यांना पत्रात लिहितो की तो आपल्यासाठी शाप झाला, यासाठी की अब्राहामाचा आशीर्वाद सगळ्या राष्ट्रांना मिळावा आणि आपल्याला पवित्र आत्मा मिळावा. इफिस शहरातल्या मंडळीला तर म्हणतो की देवाने ख्रिस्तामध्ये प्रत्येक आध्यात्मिक आशीर्वाद देऊन आपल्याला आशीर्वादित *केलं आहे*, झालेलं काम, आणि मग यादी देतो, निवडलं, लेकरं म्हणून दत्तक घेतलं, खंडणी भरून सोडवलं, पापांची क्षमा, आत्म्याचा शिक्का. हे लिहिताना तो बेड्यांमध्ये होता. त्या यादीतली एकही गोष्ट जेलर काढून घेऊ शकत नव्हता.

मग मागायचंच नाही का काही, नोकरी, तब्येत, घर? मागा की, रोजची भाकर मागायला येशूनेच शिकवलंय. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा मागितलं, काटा गेला नाही, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे. मागणं बरोबर, आणि मिळालं नाही तर देवाने तोंड फिरवलं असा अर्थ काढणं चूक, एवढंच. आणि दिसेल तशी साक्षही द्या, फक्त कधीतरी "रिपोर्ट वाईट आलाय, तरी प्रभू माझ्यासोबत आहे" ही साक्षही ऐकायला मंडळीने जागा ठेवली पाहिजे, त्यालाही हालेलुया म्हणता आलं पाहिजे.

राहिला शेवटचा मुद्दा, आपण दुसऱ्याला देतो तो आशीर्वाद. येशू म्हणतो शाप देणाऱ्यांनाही आशीर्वाद द्या, पौलही रोमकरांना तेच लिहितो, म्हणजे जो आपल्या वाइटावर आहे त्याच्यासाठी देवाकडे खरोखर चांगलं मागायचं, दात ओठ खात का होईना. पण तोंडी आशीर्वादाला एक ब्रेकही लावून ठेवलाय, याकोबाच्या पत्रात (हा याकोब नव्या करारातला, लंगडा नव्हे). उघड्यानागड्या, उपाशी भावाला किंवा बहिणीला तुम्ही "सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो" म्हणालात आणि लागणारं काहीच दिलं नाही तर काय उपयोग, असं तो विचारतो. आजच्या भाषेत कोणी अडचण सांगितली की खाली "गॉड ब्लेस यू" टाइप करून हात जोडलेला इमोजी टाकतो ना आपण, त्यालाच म्हणतोय तो.